हा फोटो घरी लावायचा आहे

आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरात जा. समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, बाजूला माता रमाई. त्याखाली लहान चौकटीत घरची माणसं असतात. दीक्षाभूमीवर स्तूपासमोर उभं राहून काढलेला फोटो, थोरल्या मुलीच्या लग्नातला, गेलेल्या आजोबांचा. लहान लेकरांचे फोटो मात्र भिंतीवर फारसे नसतात. ते मोबाईलमध्ये असतात. आणि मोबाईल पाण्यात पडतो, बिघडतो, घरात आजारपण आलं तर विकलाही जातो.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट सांगतो. सात वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर. नागपूरला उपचार सुरू होते. योजनेच्या कागदपत्रांसाठी आम्ही त्या घराबरोबर फिरत होतो. मुलाचे पासपोर्ट साईझचे फोटो काढलेले, ते एकेका अर्जाला लागत संपले. अकराव्या महिन्यात मूल गेलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर त्याची आई आमच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुमच्या फाईलीतला फोटो भेटन काजी? आमच्यापाशी त्याचा एकबी नाई. फोन तं तेव्हाच इकला.”

आमच्या फाईलमध्ये एका अर्जाची जादा प्रत होती. फोटोला वरच्या बाजूला स्टेपलरची दोन भोकं, आणि गालावरून गोल शिक्क्याची जांभळी शाई गेलेली. तो फोटो आम्ही तिच्या हातात दिला. आयुष्यातली सात वर्षं, आणि शिल्लक राहिला तो सरकारी शिक्का मारलेला दीड इंच.

त्यानंतर आम्ही कॅमेरा घेतला. आम्ही म्हणजे कोणी संस्था नाही. नोकरी सोडलेल्या, वॉर्डात वर्षं काढलेल्या आम्ही दोघी, एक आशाताई, आणि लग्नकार्याचे फोटो काढणारा आमच्या वस्तीतला एक तरुण. चंद्रपूर-गडचिरोलीत ज्या घरात मुलाला कॅन्सर आहे आणि ज्या घराची इच्छा आहे, तिथे जाऊन आम्ही फोटो काढतो. चांगल्या कागदावर छापतो, चौकटीत बसवून घरी नेऊन देतो. पैसे घेत नाही. एवढंच काम आहे.

हे आमच्या डोक्यातून प्रथम निघालं असंही नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात २००१ साली ‘फ्लॅशेस ऑफ होप’ नावाचं काम सुरू झालं, तेही कॅन्सर झालेल्या मुलाच्या आईनेच उभं केलं. धंदेवाईक छायाचित्रकार आपला वेळ देऊन दवाखान्यात जातात, मुलांचे आणि घरच्यांचे फोटो काढतात आणि कुटुंबाला मोफत देतात. तिथे मोठी हॉस्पिटलं, एका छताखाली सगळी मुलं. आपल्याकडे मूल नागपूरला, आई त्याच्या उशाशी, बाप धान कापणीला, आणि धाकटी बहीण मामाच्या गावी असते. अख्खं कुटुंब एका फोटोत आणायचं म्हणजे आधी त्यांना एका जागी आणावं लागतं.

आपल्या भागात अंतर हाही आजाराचाच भाग आहे. सिरोंच्याहून गडचिरोलीलाच सुमारे दोनशे किलोमीटर पडतात, नागपूर त्याच्याही पुढे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, शासकीय मेडिकल आहे, अलीकडे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट झालं. तिथून काही मुलांना मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जावं लागतं. १९४१ साली सुरू झालेलं ते रुग्णालय देशभरच्या लेकरांचं माहेर झालं आहे, पण बाहेरगावच्या माणसाला राहायचं कुठे हा प्रश्न असतोच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. सेंट ज्यूड या संस्थेने २००६ पासून कॅन्सरच्या मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवणारी केंद्रं उघडली. तरीही त्या परिसरातल्या फुटपाथवर चटई टाकून झोपलेली कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. तिथे त्यांचे फोटो काढणारे पुष्कळ भेटतात.

म्हणूनच फोटो म्हटला की आपली माणसं आधी बिचकतात. आणि बरोबरच बिचकतात. गरिबाचा फोटो नेहमी दुसऱ्याच्या कामासाठी निघतो. मदतीचा धनादेश देताना पुढारी मधोमध उभा, आजारी मूल एका कोपऱ्यात, आणि सगळ्यांनी हसायचं. वर्गणीच्या आवाहनात मुलाचा नळ्या लावलेला चेहरा, खाली बँकेचा खाते क्रमांक. तो फोटो शंभर मोबाईलवर फिरतो, फक्त मुलाच्या आईकडे नसतो. गोंडपिपरीकडच्या एका बापाने आम्हाला दारातच विचारलं होतं, “कायले काढता जी फोटो? पेपरात द्याले?” आम्ही सांगितलं, नाही, तुमच्या भिंतीवर लावायला. तो बराच वेळ बोलला नाही. मग आत जाऊन त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

हे आम्हालाही चुकूनच शिकावं लागलं. सुरुवातीच्या काळात एका मुलीचा फोटो इतका सुंदर आला की आम्ही तो उत्साहाने आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. दोन दिवसांत तो तिच्या शाळेपर्यंत पोहोचला. मुलीला ‘टकली’ म्हणून चिडवलं, एका बाईने तिच्या आईला विचारलं की पुढे हिच्या लग्नाचं कसं होणार. मुलगी नऊ वर्षांची! आईने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत, नुसतं म्हणाली, “तुमीबी तसेच निघाले.” त्या दिवसापासून फोटो आमच्या कोणाच्याही मोबाईलवर राहत नाही. कॅमेऱ्यातून थेट छापायला जातो. मूळ प्रत एका पेनड्राइव्हमध्ये घरच्यांना देतो, आणि त्यांनी ‘तुमच्याकडेही असू द्या’ असं स्वतः म्हटलं तरच दुसरी प्रत कुलपात ठेवतो. या लेखासोबत एकही फोटो नाही, त्याचं कारणही हेच.

बाबासाहेबांचा १९३४ सालचा राजगृहावरचा कौटुंबिक फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि पुढ्यात कुत्रा. सगळे ताठ, नीटनेटके, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारे. पुढच्याच वर्षी २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्या घरानेही लेकरं गमावली होती. गंगाधर, रमेश, इंदू, आणि जुलै १९२६ मध्ये राजरत्न. राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या स्नेह्याला लिहिलेलं पत्र ज्यांनी वाचलं आहे, त्यांना ठाऊक आहे की तो महापुरुषही आधी एक बाप म्हणून कोसळला होता. इथे एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. लेकरू गेलेल्या आईला आपल्याकडे लोक दुसऱ्याच दिवशी किसा गोतमीची कथा सांगायला लागतात. कथा थोर आहे, पण तथागतांनीही तिला घरोघर फिरू दिलं होतं, लगेच उपदेश केला नव्हता. आईला फोटो छातीशी धरून रडू द्यावं. तिला तृष्णा, आसक्ती असले शब्द ऐकवू नयेत.

आता फोटोचं दुसरं काम, जे प्रत्येक घराने माहीत करून घ्यावं.

अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून समोरून फोटो काढला की डोळ्याची बाहुली पुष्कळदा लाल चमकते. ते चांगलं लक्षण आहे. उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन परत येतो, आणि तिथे रक्तवाहिन्या असल्यामुळे तो लाल दिसतो. पण एका डोळ्याची बाहुली लाल किंवा काळी आणि दुसऱ्याची पांढरट, पिवळट, रात्री मांजराचा डोळा चमकावा तशी दिसत असेल, तर ती गोष्ट सोडून देऊ नका. आपल्या मुलांच्या डोळ्यात, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत, रेटिनोब्लास्टोमा नावाची गाठ होऊ शकते. ती बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. ती पहिल्यांदा दिसते ती अनेकदा आईनेच काढलेल्या फोटोत. अमेरिकेतले ब्रायन शॉ नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या मुलाला हा आजार निघाला. नंतर त्यांनी घरातले जुने फोटो चाळले तेव्हा लक्षात आलं की मूल अवघ्या बारा दिवसांचं असतानाच्या फोटोतही ती पांढरी चमक होती. कोणाला ठाऊकच नव्हतं की तिचा अर्थ काय. पुढे त्यांनी मोबाईलमधल्या फोटोंत अशी चमक शोधणारं ॲप तयार करवलं.

पांढरी चमक म्हणजे कॅन्सरच, असं नाही. कॅमेऱ्याच्या कोनामुळेही ती येते, जन्मतः मोतीबिंदू असला तरी येते. मोतीबिंदू असेल तर त्यालाही उपचार लवकरच हवा. म्हणून घाबरायचं नाही, पण फोटो घेऊन जिल्हा रुग्णालयात डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं, तेही त्याच आठवड्यात. मुलाचा डोळा नव्याने तिरळा झाला तरीही तसंच. आजकालचे मोबाईल बाहुलीचा लाल रंग आपोआप पुसून टाकतात, तेव्हा ती सोय बंद करून फोटो काढावा. हा आजार लवकर सापडला तर मूल वाचतं, पुष्कळदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर जीव वाचवायला डोळा काढावा लागतो. मूल तिरळं आहे म्हणजे भाग्यवान आहे, असं म्हणत बसणारी घरं आम्ही पाहिली आहेत. एका घराला त्याची किंमत मुलाच्या डोळ्याने द्यावी लागली. पहिल्या मुलाला हा आजार झाला असेल तर पाठच्या भावंडांचे डोळे तपासून घ्यावेच लागतात, कारण काही घरांत तो रक्तातून येतो.

रक्ताच्या कॅन्सरचं मात्र असं फोटोत दिसत नाही. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हाच. आणि आपल्या भागात त्याची एक वेगळीच अडचण आहे. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल पुष्कळ. मूल पांढरं पडलं, हातपाय दुखतात म्हणून रात्री रडतं, वरचेवर ताप येतो, असं झालं की घरचे म्हणतात, सिकलचा त्रास आहे. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण हीच लक्षणं रक्ताच्या कॅन्सरचीही आहेत. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, न पडता-झडता अंगावर उठणारे निळे डाग, मानेत-काखेत न दुखणाऱ्या गाठी, यांपैकी काही सोबत असेल तर सिकलसेलचं कार्ड असलं तरीही सीबीसी आणि रक्ताची काच तपासायला सांगा. तपासणी साधी आहे. आपण सांगितली नाही तर राहून जाते. पोटात हाताला लागणारा गोळा, किंवा सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखून होणारी उलटी, हीही दुर्लक्ष करायची लक्षणं नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. औषध तेच आहे. फरक पडतो तो आजार उशिरा ओळखल्यामुळे आणि उपचार अर्धवट सोडल्यामुळे. रक्ताच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार असेल तर उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत मूल खायला लागतं, खेळायला लागतं, आणि घरचे म्हणतात, झालं बरं. रोवणीचे दिवस आले की नागपूरची तारीख चुकते, मग पुढची चुकते. वॉर्डात असताना आम्ही रिकाम्या राहिलेल्या तारखांपुढे रेघ मारायचो. ती रेघ कोणत्या गावातून येते ते आता कळतं.

इथे आमच्या फोटोंचा आम्हालाही न सुचलेला उपयोग झाला. बल्लारपूरच्या एका घराने मुलीचे तीन फोटो भिंतीवर ओळीने लावले. पहिल्यात डोक्यावर एकही केस नाही, औषधाने चेहरा फुगलेला. दुसऱ्यात कुरळे, बोटभर केस. तिसऱ्यात दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा ड्रेस. त्याच वस्तीत दुसऱ्या एका मुलाला आजार निघाला तेव्हा त्याची आई ‘आता काई अर्थ नाई’ म्हणून बसली होती. या बाईने तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं आणि भिंतीसमोर उभं केलं. आम्ही नंतर गेलो तेव्हा दुसरी आई म्हणाली, “डॉक्टर सांगे तं पटत नव्हतं. केस परत येतात हे त्या भितीनं दाखवलं.” मुलगी कोणाला दाखवायची हे त्या घराने ठरवलं. आम्ही तेच फोटो घेऊन दारोदार फिरलो असतो तर पुन्हा तेच पाप झालं असतं.

फोटो काढायला आम्हाला येऊन मिळालेली तरुण मुलं पहिल्या दिवशी कॅमेऱ्याबद्दलच विचारतात. आम्ही आधी सर्दीबद्दल विचारतो. केमोनंतर मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली जातात, आपली साधी शिंक त्याला आयसीयूत नेऊ शकते. म्हणून सर्दी-खोकला असेल तर घरीच थांबायचं, साबणाने हात धुवायचे, मास्क लावायचा, सजावटीला फुलं न्यायची नाहीत, घरात गर्दी करायची नाही. मूल म्हणालं नको, की कॅमेरा पिशवीत. टोपी घालायची की नाही हे तेच ठरवतं. एका पोराने आईची टोपी भिरकावून दिली आणि म्हणाला, “टकलाच काढा, मी सिंघम दिसतो.” सिंघमला तर डोकंभर केस आहेत, पण आम्ही वाद घातला नाही.

आणि चेहरा गोरा करायचा नाही. स्टुडिओतल्या पोरांना ही सवयच असते. आमच्या तरुणाने त्या ब्रह्मपुरीच्या आईसाठी शिक्का मारलेला फोटो मोठा करून दिला, तेव्हा शाई पुसता पुसता गालही पुसला. मूल उजळ झालं, गुळगुळीत झालं. आईने फोटो हातात घेतला, परत दिला. म्हणाली, “हा आमचा नोहे जी. आमचा सावळा होता. इथं त्याले खोक होती, बंडीवरून पडला होता तवाची.” त्याने तीन रात्री बसून पुन्हा काम केलं. खोक होती तिथे तिने बोट ठेवून दाखवली, तशी ठेवली. शाईची एक बारीक रेघ शेवटपर्यंत निघाली नाही, तीही तशीच राहिली.

पैशाचं म्हणाल तर कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्यात आरोग्यमित्राला गाठा, किंवा १५५३८८ वर फोन करा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही शंका असलेलं मूल आवर्जून दाखवा. आणि या सगळ्या कागदांसाठी पासपोर्ट फोटो काढाल तेव्हा दोन प्रती जास्त काढा आणि घरच्या पेटीत ठेवा.

आमच्या हातात फार काही नाही हे आम्हाला कळतं. फोटोने पेशी वाढत नाहीत. गडचिरोलीतल्या एका बापाने तर तोंडावर सांगितलं, गाडीभाडं द्या, फोटो कायले? त्याचं म्हणणं रास्त होतं. त्या वेळी आम्ही वस्तीतून वर्गणी करून गाडीभाडंच दिलं आणि कॅमेरा उघडला नाही. पुढे सहा महिन्यांनी त्यानेच निरोप पाठवला की धाकटी चालायला लागली आहे, दोघींना संगं घेऊन फोटो काढायचा आहे, सवडीनं या.

मागच्या पावसाळ्यात ब्रह्मपुरीच्या त्या आईचा फोन आला. चौकटीला मागून वाळवी लागली होती, कागद एका कडेने खाल्ला गेला होता. दुसरा छापून मिळेल का, विचारत होती. आम्ही म्हटलं, आता मोठा छापून देतो, चांगल्या काचेत. ती म्हणाली, “मोठा नको जी. बाबासाहेबांच्या खाली तेवढीच जागा हाये. तेवढाच द्या.”